इमारतीमागच्या मोकळ्या जागेत बाग आखायची आहे. सुरुवात कुठून करावी?

सचिव, मुलुंड पूर्व

नमस्कार. आमच्या गृहनिर्माण संस्थेचा पुनर्विकास पूर्ण झाला असून सात मजली इमारतीच्या उत्तरेस दक्षिणोत्तर ६० फूट आणि पूर्वपश्चिम ९० फूट अशी मोकळी जागा उरली आहे. गेल्या वर्षी एका कंत्राटदाराने तेथे तयार लॉनच्या गाद्या अंथरून दिल्या. ऑगस्टमध्ये त्यांच्यावर शेवाळ चढले आणि दिवाळीपर्यंत नुसती लाल माती उरली. आता सभासद पुन्हा खर्च करण्यास तयार आहेत, पण कुणाला कारंजे हवे आहे, कुणाला घसरगुंडी, तर कुणाला पूजेपुरती फुले. पूर्वेच्या कोपऱ्यात जमिनीखाली पाण्याची टाकी आहे. झाडे कोणती घ्यावीत, याचे मार्गदर्शन मिळावे.

उद्यानरचनाकार, दादर

सचिव महोदय, झाडांची यादी सर्वांत शेवटी करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. आधी ऊन पाहा. इमारत साधारण ७० फूट उंच धरली, तर डिसेंबरच्या उत्तरार्धात भर दुपारी तिची सावली सुमारे ६४ फूट उत्तरेकडे जाते, म्हणजे तुमची सगळी जागा त्या दिवसांत सावलीतच असते. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत मात्र माध्यान्हीचा सूर्य मुंबईच्या किंचित उत्तरेला असतो, त्यामुळे मे महिन्यात तीच जागा भाजून निघते. पावसाळ्यात ढग, हिवाळ्यात सावली आणि उन्हाळ्यात होरपळ अशा ठिकाणी लॉन टिकले नाही, यात आश्चर्य ते काय!

दुसरी गोष्ट पाण्याची. तुमची जागा सुमारे ५०० चौरस मीटर आहे. एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस झाला, आणि मुंबईत तो होतोच, तर त्या जागेवर ५०,००० लिटर पाणी पडते; म्हणजे दहा हजारी पाच टँकर. ते जाणार कुठे, हे ठरल्याशिवाय एकही रोप आणू नये. इमारतीपासून कुंपणाकडे शंभरास एक असा उतार द्यावा. ६० फुटांत तो जेमतेम सात इंच भरतो, डोळ्यांना जाणवतही नाही. कुंपणालगत उथळ चर काढून तो पावसाळी गटाराला जोडावा.

पायवाटा कागदावर आखू नयेत. क्रिकेटच्या मैदानावर मारतात ती पांढरी फक्की घेऊन वाट जमिनीवर आखावी, आठवडाभर लोकांना चालू द्यावे आणि माणसे जिथून आडवी जातात तिथेच फरशी बसवावी. कारंजे सध्या विसरा. पंप बिघडला की त्यात डास होतात आणि पुढच्या सर्वसाधारण सभेत तेवढाच विषय चालतो.

झाडांपैकी तामण आणि बकुळ उत्तरेच्या कडेला, कुंपणाच्या भिंतीपासून निदान १५ फूट आत लावावेत, कारण इमारतीपासून सर्वांत दूर तिथेच थोडेफार ऊन मिळेल. तामण हे आपले राज्यपुष्प. ऐन उन्हाळ्यात जांभळे फुलते. गुलमोहराचा मोह टाळा; त्याची मुळे उथळ असतात आणि वादळी पावसात फांद्या मोडतात. इमारतीलगत सावलीत तग धरणारे नेचे आणि सिंगोनियमसारखे शोभेच्या पानांचे वेल लावावेत. मृगाच्या दोन-चार सरी होऊन माती भिजली की लागवड करावी.

रहिवासी, कांदिवली

टाकीवर झाड लावू नका, एवढे आवर्जून सांगतो. मलबार हिलचे हँगिंग गार्डन पाण्याच्या मोठ्या टाक्यांवरच वसवलेले आहे; तिथे झुडपे आणि हिरवळ यांवरच भर का आहे, हे एकदा जाऊन पाहावे. ओली माती घनमीटरला पावणेदोन ते दोन टन भरते, म्हणून टाकीच्या स्लॅबवर भर घालण्यापूर्वी संरचना अभियंत्याचे लेखी मत घ्या आणि साफसफाईचे झाकण मोकळे ठेवा.

पुनर्विकासाची जागा आहे, तेव्हा खणूनही पाहा. आम्ही दोन फूट खणले, तेव्हा टाइलचे तुकडे, सिमेंटचे गोळे आणि मोरीची एक अख्खी फरशी निघाली. वर सहा इंच लाल माती पसरून हे सारे झाकलेले होते. सिमेंटमुळे माती अल्कधर्मी होते. आमच्या अनंताची पाने वर्षभर पिवळी पडत राहिली आणि आम्ही मात्र माळ्यालाच दोष देत होतो. शेवटी डेब्रिज उपसून शेणखत मिसळलेली माती भरावी लागली.

ज्येष्ठ सभासद, विलेपार्ले

पाण्याचा नळ कुठे आहे? आमच्या बागेच्या आराखड्यात तोच राहिला होता आणि माळीदादा तळमजल्यावरच्या एका घरातून बादल्या भरून नेत असत. प्रत्येक ३० फुटांवर एक नळ ठेवा.

सचिव, मुलुंड पूर्व

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. रविवारी दोन ठिकाणी खड्डे घेतले. पश्चिमेस माती बरी निघाली, पूर्वेस मात्र हातभर खोलीवर विटाच लागल्या. फक्कीही टाकली. आम्ही आखलेल्या डौलदार वळणावरून एकही माणूस गेला नाही. मुले फाटकातून थेट बी विंगच्या जिन्याकडे तिरकी धावतात. वाट आता तिथूनच काढतो आहोत. लॉनचा विषय समितीने एकमताने वगळला असून कारंज्यावर मात्र अजून दोन सभासद अडून आहेत.