सोलरच्या पॅनलखाली मेंढ्या चारायच्या आहेत, मदत हवी आहे

राम राम मंडळी. भूम तालुक्यातला आमचा माळ सरकारच्या सौर कृषी वाहिनी योजनेत सोलर प्रकल्पाला भाड्यानं दिलाय, हेक्टरी वर्षाला 1,25,000 रुपये. पावसाळ्यात पॅनलखाली गवत कमरेला लागतं. कंपनीवाले तणनाशक मारू म्हणतात. खालच्या अंगाला आमची विहीर, त्यामुळं मला ते पटत नाही. शेळ्या नकोच, उस्मानाबादी शेळी पॅनलवर चढंल नाहीतर वायरी कुरतडंल. दख्खनी मेंढ्यांचा कळप आणायला धनगरवाड्यावरचे मामा तयार आहेत. कुणी असं केलंय का? पॅनलची खालची कड किती उंच लागते? लोंबत्या वायरींचं काय केलं? गाजरगवत आधी उपटूनच घ्यावं लागंल ना? आणि मेंढरू दगावलं किंवा काच फुटली तर भरपाई कुणी द्यायची, हे करारात कसं लिहून घेतलं?