यवन : तुर्वसूची पोरं की आयोनियाची?

कातळकोरीव :
परवा कीर्तनात बुवांनी ठासून सांगितलं, यवन म्हणजे ययातीपुत्र तुर्वसूचे वंशज. महाभारताच्या आदिपर्वात तसं आहे खरं. यदूचे यादव, तुर्वसूचे यवन. पण मला वाटतं हे ग्रीकांचं नाव बाहेरून आलं आणि वंशावळ मागाहून चिकटवली. ग्रीकांच्या आयोनियन शाखेचं (आयोनिया म्हणजे आजच्या तुर्कस्तानचा पश्चिम किनारा) जुनं नाव 'इयावोनेस'. इराणी सम्राट दारयवहूच्या बेहिस्तून लेखात 'यौन'. बायबलात उत्पत्तीच्या १०व्या अध्यायात नोहाचा नातू, म्हणजे याफेथाचा मुलगा, 'यावान'. अशोकाच्या १३व्या शिलालेखात सीरियाचा ग्रीक राजा अंतियोक हा 'योनराजा'. ही सगळी मंडळी काय तुर्वसूकडे नाव मागायला आली होती?

तुर्वसूचा वकील :
आली नसतील, पण तुर्वसूची पोरं तिकडे गेली असतील की! मनुस्मृती (१०.४३-४४) यवनांना क्रियालोपाने, म्हणजे संस्कार सुटल्याने, पतित झालेले क्षत्रिय म्हणते. शिवाय पाणिनीच्या सूत्रात (४.१.४९) 'यवन' आहे, आणि पाणिनी सहसा अलेक्झांडरच्या आधीचा मानतात. त्याला ग्रीक भेटले कुठे?

कातळकोरीव :
पाणिनी शलातुरचा, म्हणजे गांधारातला (आजचा वायव्य पाकिस्तान). दारयवहूच्या साम्राज्याचं एक टोक गांधार, दुसरं आयोनिया. दोन्हीकडून खंडणी एकाच तिजोरीत जायची. नाव कानावर पडायला अलेक्झांडर कशाला हवा?
आणि मनूच्या त्याच यादीत चीनही आहेत. तेही इथूनच गेले म्हणायचं का?
खरी गंमत रामायणाच्या बालकांडात आहे. वसिष्ठांच्या गाईच्या योनीपासून यवन निघाले, शकृतापासून, म्हणजे शेणापासून, शक. सरळसरळ शब्दखेळ! आधी नाव कानावर आलं, मग त्याला शोभेल अशी गोष्ट रचली. तुर्वसू खरा तर गाय कशाला लागली?

लोणच्याची बरणी :
प्राकृतात 'लवण'चं 'लोण' झालं, त्यातूनच आपलं लोणचं. तोच नियम उलटा लावून 'योन'चं संस्कृतात 'यवन' केलं असावं.

तुर्वसूचा वकील :
थांबा. ग्रीक नावात 'व' होता असं वर धागाकर्तेच म्हणालेत. मग 'यवन' थेट मुळातून आलं आणि 'योन' त्याचा अपभ्रंश. बरणी उघडायची गरजच नाही.

लोणच्याची बरणी :
बरोबर, तसंही असू शकतं. पण म्हणजे मूळ ग्रीक हे तुम्ही मान्य केलंत :)

तुर्वसूचा वकील :
वादापुरतं!! आता कार्ल्याच्या बौद्ध लेण्यांकडे या. तिथल्या चैत्यगृहातले, म्हणजे प्रार्थनागृहातले, काही खांब धेनुकाकट या गावच्या यवनांनी दिले. दात्यांची नावं काय? सिहधय, धंम. यात ग्रीक काय आहे?

गडी नाशिकचा :
हे पटण्यासारखं आहे. तेव्हा 'यवन' शब्दाला लगेच शिवीचा वास नव्हता, बौद्ध संघाला दान देणारा माणूस स्वतःला खुशाल यवन म्हणवून घ्यायचा. आमच्या पांडवलेण्यात मात्र सातवाहन राजमाता गौतमी बलश्री आपल्या लेखात मुलाला, गौतमीपुत्र सातकर्णीला, शक-यवन-पह्लवांचा (पह्लव म्हणजे पार्थियन) निर्दालक म्हणते. बखरींपर्यंत येता येता यवन म्हणजे मुसलमान झाला, ग्रीक पार विसरले गेले.

कातळकोरीव :
वकीलसाहेब, धर्म बदलला, बारसं इथे झालं, तर नाव धंम असणारच. जुन्नरच्या लेण्यांत पाण्याची दोन टाकी देणाऱ्या यवनाचं नाव 'इरिल' आहे. तो ग्रीकच होता असं मी म्हणत नाही. पण त्याला तुर्वसूच्या वंशावळीत बसवून दाखवा, बघू.