यील्ड (अपेक्षेच्या तुलनेत प्रत्यक्ष मिळालेला पदार्थ) १०० टक्क्यांच्या वर कसं येतंय? मदत हवी आहे

अ‍ॅस्पिरिनचं प्रॅक्टिकल केलं, २ ग्रॅम सॅलिसिलिक अ‍ॅसिड आणि ५ मिली अ‍ॅसेटिक अ‍ॅनहायड्राइड घेतलं होतं, आता गणितात अडकलोय. सॅलिसिलिक अ‍ॅसिडचे मोल काढले २ भागिले १३८ (त्याचा मोलर मास, म्हणजे एका मोलचं ग्रॅममधलं वजन) म्हणजे साधारण ०.०१४५, अ‍ॅनहायड्राइडचे आले ०.०५३ च्या आसपास, प्रमाण १:१ आहे म्हणजे लिमिटिंग (आधी संपणारं) सॅलिसिलिक अ‍ॅसिडच ना? त्यावरून थिऑरेटिकल यील्ड (जास्तीत जास्त मिळू शकणारं अ‍ॅस्पिरिन) ०.०१४५ गुणिले १८० (अ‍ॅस्पिरिनचा मोलर मास) म्हणजे २.६१ ग्रॅम येतं. पण माझ्या हातात आलं २.८५ ग्रॅम, म्हणजे १०९ टक्के!! पार्टनरने अ‍ॅनहायड्राइड धरून काढलं तर ३० टक्के आलं, ते मला पटत नाही, जे जास्तीचं टाकलंय त्यावरून यील्ड कसं काढणार.

वजन केलं तेव्हा स्फटिक फिल्टर पेपरला चिकटत होते, दाबले की पेपरवर ओला डाग उमटायचा, त्यामुळे पाण्याचंच वजन आलं असावं असं वाटतंय. शिवाय फेरिक क्लोराईड टाकल्यावर फिकट जांभळा रंग आला, म्हणजे थोडं सॅलिसिलिक अ‍ॅसिड तसंच राहिलंय. पण त्याने तर वजन वाढायला नको ना, त्याचा मोलर मास कमीच आहे? की माझंच काही चुकतंय?

परत वाळवून वजन करू की आधी रिक्रिस्टलाइज (विरघळवून पुन्हा शुद्ध स्फटिक) करू? आणि रिपोर्टमध्ये कुठला आकडा लिहायचा, प्लीज कोणीतरी नीट समजावून सांगा.