मदत हवी आहे: रीसेलची दलाली बुडू नये म्हणून कागद कसा करावा?

कोथरूड-कर्वेनगरच्या रीसेलसाठी व्हिजिट स्लिपचा (फ्लॅट दाखवल्याची, गिऱ्हाइकाची सही असलेली चिठ्ठी) पक्का मसुदा कोणाकडे आहे का? नुसतं नाव, मोबाइल आणि फ्लॅट नंबर लिहून भागत नाही. गिऱ्हाईक फ्लॅट बघतं आणि पंधरा दिवसांनी मेहुण्याच्या नावाने थेट मालकाला गाठतं. म्हणून ‘घरच्यांपैकी कोणीही घेतला तरी दलाली लागू’ ही ओळ आणि मुदत दोन्ही हवेत. सहा महिने पुरतील?

दुसरं, दलालीचे टप्पे. ८० लाखांवर १ टक्का म्हणजे ८० हजार. सगळे कर्जाचा बँकेचा चेक निघेपर्यंत सोडले की घासाघीस ठरलेली, कारण तोवर इंडेक्स टू (नोंदणी झाल्याचा उतारा) गिऱ्हाइकाच्या हातात असतो. निम्मे टोकनला, निम्मे नोंदणीच्या दिवशी अंगठा द्यायच्या आधी, असं कोणी लेखी घेतं का? मालक सही करतात? तोंडी काय, सगळेच हो म्हणतात.