प्रौढ, परिपक्व की पोक्त? (चर्चच्या बोर्डावर अडलेला शब्द)

नगरकर :
मंडळी (म्हणजे इथले सगळे, चर्चवाली मंडळी नव्हे), एक शब्द अडलाय, जरा मदत करा. आमच्या चर्चमध्ये लेंटमध्ये (ईस्टरच्या आधीचा उपवासकाळ) दर बुधवारी बायबल अभ्यास घ्यायचं ठरलं, विषय इब्री लोकांस पत्र, अध्याय 5 आणि 6, म्हणजे विश्वासात किती दिवस तान्हं बाळ राहणार, आता मोठे व्हा. बोर्ड लिहायचं काम दरवर्षीप्रमाणे माझ्याच गळ्यात. मी आपला पवित्र शास्त्रातलाच शब्द उचलला आणि खडूने लिहिलं, ‘प्रौढ विश्वासणाऱ्यांसाठी अभ्यास, सायं. 7’. पहिल्या बुधवारी आलं कोण तर दोन पेन्शनर काका, चार मावश्या आणि पाळकसाहेब. तरुण संघातलं एकही पोरगं नाही. रविवारी धरलं तर म्हणतात दादा आम्हाला वाटलं सीनियर सिटिझनसाठी आहे, आणि एक महाभाग तर म्हणाला, अठरा प्लस आहे की काय असं वाटलं. चारातली एक मावशी वही-पेन्सिल घेऊन आली होती, तिला प्रौढ साक्षरता वर्ग आठवला.

आता पाळकसाहेब म्हणतात ‘परिपक्व’ लिही. मला तो शब्द पुस्तकी वाटतो, भाषणातला. तुम्ही काय म्हणाल?

संस्कृतवेडा :
प्रौढ हा फार छान शब्द आहे हो, त्याला वयाच्या दाखल्यात अडकवला आपण. प्र + ऊढ. ऊढ म्हणजे वाहून नेलेला, वह् धातूपासून, नवोढा म्हणजे नववधू त्यातही हाच ऊढ. म्हणजे प्रौढ = पुढे नेला गेलेला. तुमच्या विषयाला याहून बरा शब्द कुठला मिळणार. गंमत म्हणजे नेहमीच्या संधीने प्र + ऊढ = प्रोढ व्हायला हवं, पण पाणिनीच्या व्याकरणाला पुरवणी जोडणाऱ्या कात्यायनाने वार्तिक (पुरवणी नियम) करून इथे वृद्धी, म्हणजे ओ ऐवजी औ, सांगितली म्हणून प्रौढ.

परिपक्व म्हणजे नीट शिजलेला किंवा पिकलेला, पच् धातू. आणि पोक्त हा फारसी पुख्तावरून आलाय, त्याचाही अर्थ शिजलेला, पक्का. पक्व आणि पुख्ता दोन्ही मुळात एकाच घरातले, एक संस्कृतातून आला, एक फारसीतून.

रिकामटेकडा :
मी ख्रिस्ती नाही पण मधे बोलतो. प्रौढ ठीक आहे, त्याची बहीण प्रौढी मात्र डेंजर. ‘स्वतःची प्रौढी मिरवतो’. आध्यात्मिक माणसाला हाच रोग आधी लागतो, आमच्याकडेही चार वाऱ्या झाल्या की माणूस लगेच दुसऱ्याला शिकवायला लागतो. ‘मुरलेला’ चालेल का? लोणच्यासारखा.

नगरकर :
मुरलेला नको राव, मुरलेला म्हटलं की चर्च कमिटीच्या इलेक्शनमधली माणसं डोळ्यापुढे येतात.

वसईची पोर :
आमच्या कॅथलिक लोकांत विश्वासणारे असं फारसं कोणी म्हणत नाही, भाविक म्हणतात, त्यामुळे तुमचा बोर्ड वाचून आधी मला तोच शब्द खटकला. आणि विश्वासू म्हणजे तर ज्याच्या हातात तिजोरीची चावी देता येते तो. मोठं होण्यासाठी आमच्याकडे दृढीकरण आहे, तो साक्रामेंतच (चर्चचा धर्मसंस्कार) आहे, बाप्तिस्मा तान्हेपणी होतो आणि मग समजत्या वयात बिशप येऊन तेल लावतात. पण खरं सांगू का, माझं दृढीकरण झालं तेव्हा मला फक्त नवीन ड्रेस आणि दुपारचं जेवण आठवतंय, दृढ वगैरे काही झाले नव्हते, ते नंतर आई आजारी पडली तेव्हा जे काय झालं ते.

ग्रीकचा_विद्यार्थी :
मूळ शब्द बघू. इब्री 5:14 मध्ये ‘तेलेइओस’ आहे, तेलोस म्हणजे शेवट, ध्येय, त्यावरून. म्हणजे जो आपल्या ठरलेल्या टोकाला पोचला तो. मराठी शास्त्रात याच शब्दाला मत्तय 5:48 ला ‘पूर्ण’ केलंय (स्वर्गीय पिता पूर्ण आहे तसे तुम्ही पूर्ण व्हा) आणि इब्रीला ‘प्रौढ’. एकाच शब्दाची दोन रूपं, आणि दोन्ही जागी बरोबर, कारण इब्रीत पुढे मागे सगळं दूध, बाळ आणि जड अन्न चाललंय, तिथे ‘पूर्णांसाठी जड अन्न’ कोणाला कळणार? वधस्तंभावरचं ‘पूर्ण झाले आहे’ हे सुद्धा त्याच तेलोसच्या कुळातलं. मराठीत जवळचं म्हणजे ‘तडीस गेलेला’, पण ते बोर्डावर लिहू नका, लोक वेगळा अर्थ काढतील.

शिवाय त्याच ओवीत ‘वहिवाटीने’ असा शब्द आहे, म्हणजे रोजच्या सरावाने चांगलं वाईट ओळखता येणं. आता वहिवाट म्हटलं की आपल्याला शेताच्या बांधावरचं भांडण आणि तहसील ऑफिस आठवतं. पण बघा ना, रोज त्याच पायवाटेने जाऊन जाऊन वाट पडते तसं. मला तर हा शब्द प्रौढपेक्षाही आवडतो.

नगरकर :
ओवी नाही हो, वचन म्हणा, आमच्या मावश्या रागावतील 😀 पण वहिवाटीचं पटलं. आमच्यात नेमकं हेच होत नाही, कन्व्हेन्शनला (चर्चच्या मोठ्या प्रार्थना-मेळाव्याला) तीन दिवस मांडवात रडायचं आणि चौथ्या दिवशी परत भावाशी बोलणं बंद.

भाकरतुकडा :
जड अन्न हा शब्दच सुधारायला हवा. जड म्हटलं की पचायला जड, रात्री खाऊ नये असं. पत्रात सांगायचंय ते घट्ट, चावून खायचं अन्न. आमच्या घरी पोराचं उष्टावण झालं, मग पेज, मग मऊ भात, आणि ज्या दिवशी त्याने स्वतःच्या हाताने भाकरीचा तुकडा मोडून कालवणात बुडवून खाल्ला त्या दिवशी आजी म्हणाली, ‘आता सुटला गं बाई’. मोठं होणं ते हेच ना, भरवायला लागत नाही आणि उद्या धाकट्याला भरवू शकतो. पत्र लिहिणाऱ्याचा राग पण त्यावरच आहे की तुम्ही एव्हाना शिक्षक व्हायला हवे होते आणि अजून दूध मागताय.

तरी दुधाला नावं ठेवू नका, पेत्राच्या पत्रात ‘निऱ्या दुधाची’ इच्छा धरा असं आहे. निरं म्हणजे पाणी न घातलेलं, निरसं वेगळं, ते न तापवलेलं.

वसईची पोर :
निरं-निरसं मी इतके दिवस एकच समजत होते!

ग्रीकचा_विद्यार्थी :
जाता जाता अजून एक. इब्री 10:24 ला एकमेकांना प्रीती आणि सत्कर्मांसाठी ‘उत्तेजन’ यावं असं आहे. आज उत्तेजन म्हणजे उत्तेजनार्थ बक्षीस, पहिल्या तिनात नंबर न आलेल्याला द्यायचं ते. मूळ शब्द ‘पारोक्सिस्मोस’ चांगलाच तिखट आहे, टोचणं, डिवचणं. प्रेषितांची कृत्ये 15 मध्ये पौल आणि बर्णबा हे दोघे प्रेषित सोबती मार्कवरून भांडून वेगळे झाले त्या भांडणालाही हाच शब्द. म्हणजे पाठीवरून हात फिरवून सगळं होत नाही, कधी कोणीतरी डिवचावंही लागतं, फक्त प्रीतीकडे.

रिकामटेकडा :
म्हणजे मराठीत ‘टोचून टोचून मोठं केलं’. आईचं काम.

नगरकर :
ठरलं. ‘प्रौढ’च ठेवला, पाळकसाहेबांना नवोढा सांगितली तर ते हसले आणि तयार झाले. खाली एक ओळ वाढवली, ‘वयाची अट नाही, भाकरी चावता आली पाहिजे’. काल तरुण संघातली पाच पोरं आली, त्यातला एक भाकरी मिळेल म्हणूनच आला होता. वहीवाली मावशी परत वही घेऊन आली, आता तीच हजेरी घेते. फक्त खडूचा बोर्ड पावसात पुसला म्हणून फ्लेक्स करायला टाकला तर फ्लेक्सवाल्याने छापून दिलंय ‘प्रोढ’.

संस्कृतवेडा :
बदलू नका. कात्यायन नसता तर त्याचंच बरोबर होतं.