मदत हवी आहे: मागच्या अंगणात कुत्रा, सामान आणि आई, सगळ्यांना जागा कशी करू?

मंडळी, गोराईला आमचं बैठं घर आहे, मागे साधारण १० बाय १८ फुटांचं अंगण. तिथे आमचा लॅब्राडोर, दोन मांजरी, आईचं वाळवण आणि भिंतीला टेकवलेलं सगळं सामान, म्हणजे शिडी, सायकली, जुने पत्रे, गणपतीच्या मखराच्या फळ्या. पावसाळ्याच्या आधी नीट लावायचंय कारण सामानामागे घुशी झाल्यात आणि लेप्टोची, म्हणजे घुशी-उंदरांच्या लघवीतून पसरणाऱ्या तापाची, खरंच भीती वाटते, कुत्र्याला दरवर्षी लस देतो पण मुलंही तिथेच अनवाणी खेळतात ना.

माझा विचार असा की सामानासाठी विटांवर फूटभर उंच लोखंडी रॅक करायचा, खालून झाडू फिरला पाहिजे, वर पत्रा. पण लोखंड इथल्या खाऱ्या हवेत गंजतं, मग ॲल्युमिनियम परवडेल का? कडप्पा ओला झाला की कुत्रा घसरतो, त्याचे मागचे पाय आधीच दुखतात, त्याच्या कोपऱ्यात काय टाकू? कण्हेर विषारी म्हणून काढतोय, तुळस उंच कट्ट्यावर नेणार.

आईला मात्र दुपारचं ऊन आणि खुर्चीपुरती जागा हवीच, त्यात तडजोड नाही. कोणी असं केलं असेल तर फोटो टाका प्लीज, आणि बोरिवलीकडचा चांगला फॅब्रिकेटर माहीत असेल तर सांगा.