मधुमेह, फॅटी लिव्हर आणि यकृताचा कर्करोग

प्रश्न:
माझ्या वडिलांचे वय ५८ असून त्यांना चौदा वर्षांपासून मधुमेह आहे. दारूला ते शिवतही नाहीत, तरीही सोनोग्राफीत ‘ग्रेड २ फॅटी लिव्हर’ असा शेरा आला. रक्तातील यकृताची एन्झाइम्स एसजीओटी ४६ व एसजीपीटी ५२, आणि प्लेटलेट्स १ लाख ६० हजार आहेत. ‘साखर आहे, तर एवढे चालायचेच’ असे म्हणून त्यांनी फाइल कपाटात ठेवली. मधुमेहामुळे यकृताच्या कर्करोगाचा धोका वाढतो, हे कितपत खरे आहे?

प्रतिसाद १:
खरे आहे. टाइप २ मधुमेहात हा धोका साधारण दोन ते तीन पट होतो. मात्र मुळात तो लहान असल्याने बहुतेक मधुमेहींना हा कर्करोग कधीच होत नाही. शरीर इन्सुलिनला दाद देईनासे झाले की यकृतात चरबी साठते, तिथे दाह धुमसत राहतो आणि वर्षानुवर्षे व्रण पडत गेल्याने यकृत निबर होते. याचे टोक म्हणजे सिरॉसिस, आणि हा कर्करोग बहुधा तिथेच उद्भवतो. फॅटी लिव्हरमध्ये तो काही वेळा सिरॉसिसवाचूनही होतो. सोनोग्राफीतील ‘ग्रेड’ केवळ चरबीचा अंदाज देते, निबरपणाचा नव्हे.

प्रतिसाद २:
तो निबरपणा आपल्याच आकड्यांवरून अजमावता येईल. वय आणि एसजीओटी यांच्या गुणाकाराला, हजारांत मोजलेल्या प्लेटलेट्स व एसजीपीटीचे वर्गमूळ यांच्या गुणाकाराने भागल्यास फिब-४ हा निर्देशांक मिळतो. वडिलांचा तो सुमारे २.३ येतो. १.३ च्या खाली असता तर सहसा काळजी नसती, २.६७ च्या वर असता तर थेट यकृततज्ज्ञांकडे जावे लागले असते. मधल्या पट्ट्यात फायब्रोस्कॅन, म्हणजे यकृताचा निबरपणा मोजणारी तपासणी, करून घेणे योग्य. हिपॅटायटिस बी आणि सी यांच्याही तपासण्या कराव्यात. सिरॉसिस निघालाच, तर दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करतात, बहुधा एएफपी या रक्ततपासणीसह.

प्रतिसाद ३:
एक विनंती: ‘यकृत साफ करणारे’ काढे परस्पर सुरू करू नका. कोविडकाळात गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेले रुग्ण मुंबईतील डॉक्टरांनी नोंदवले आहेत. त्यापेक्षा, वजन जास्त असल्यास ते सात ते दहा टक्क्यांनी उतरवावे. त्याने यकृताचा दाह ओसरू शकतो.

प्रश्नकर्ता:
मनःपूर्वक आभार. फाइल कपाटातून बाहेर आली असून सोमवारी फायब्रोस्कॅन ठरला आहे. त्याआधी तीन तास उपाशी राहायचे असल्याने सकाळच्या गोळ्यांचे काय करायचे, हे आज डॉक्टरांना विचारतो.